तीन एमएम, पण कुठपर्यंत?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. एरवीचं काम म्हणजे स्विचगियरसाठी पितळी बुश, पिना, टर्मिनल. हजारांनी काढायचे, चलन करायचं आणि मग पेमेंटसाठी फोन करत बसायचं. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. मोठे लोक तो सर्रास मोडतात, आणि मला याचा मनापासून राग आहे.

त्यामुळे मुंबईचे एक साउंड इंजिनियर अवघ्या २४ नगांची ऑर्डर घेऊन आले आणि अर्धे पैसे तिथेच टेबलावर ठेवले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यांना १९४९ साली आलेल्या न्यूमन या जर्मन कंपनीच्या यू ४७ या रेकॉर्डिंग माईकच्या धर्तीचे माईक बांधायचे होते. त्या माईकमधला व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची व्हॅक्यूम ट्यूब असते तसला, बनायचा बंद होऊन साठहून जास्त वर्षं झाली, त्याला दुसरा पर्याय शोधावा लागतो. पण कॅप्सूलमधलं पितळ आजही तसंच कापता येतं. ते काम आमच्याकडे आलं.

कॅप्सूल म्हणजे माईकचा कान. मधे रुपयाच्या नाण्याहून मोठी पितळी बॅकप्लेट, तिच्या दोन्ही अंगांना ६ मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला मायलर या प्लॅस्टिकचा पडदा. पडदा आणि प्लेट यांच्यात फट साधारण ४० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. प्लेटवर काही होल आरपार, काही ब्लाइंड, म्हणजे मधेच थांबणारी. ही होल शोभेची नाहीत. पडद्यामागची हवा त्यांच्यात शिरते, दबते, परत येते, आणि पडदा किती मोकळा हलेल, माईक कुठल्या दिशेचं ऐकेल, हे त्यावर ठरतं.

वरच्या जाळीचं काम मी जुन्या नाशकात तांबट लेनमधल्या एका कारागिराकडे नेलं. त्यांनी आधी जाळीला ताव दिला, म्हणजे तापवून मऊ केली, मग लाकडी साच्यावर हळूहळू बसवली. न तावलेली जाळी घडीवर फाटते. हे त्यांना सांगावं लागलं नाही. प्लेटिंगवाल्याला मात्र तीनदा सांगूनही त्याने पहिल्या लॉटला हातमोजे न घालताच हात लावला. बोटाचा तेलकट ठसा आणि दमट हवा यांनी कॅप्सूलमधून वीज झिरपते आणि माईक खरखरतो. एवढं समजावूनही माणूस 'होतंय की ताई' म्हणतो, तेव्हा काम काढून घेणं हाच उपाय.

जुलैत एका मंगळवारी सकाळी फोन आला. 'मॅडम, चोवीसच्या चोवीस परत पाठवतोय. आवाज कोंडलेला येतोय. आणि मागून बोललं तरी माईक ऐकतोय.'

दुपारी खोका आला. आधी मला सपाटपणाची शंका. लेथच्या चकाच्या तीन जबड्यांत पातळ प्लेट आवळली की तोंड कापताना सपाट दिसते आणि सोडल्यावर वाकते. लॅपिंगच्या, म्हणजे घासून सपाट करायच्या, पाट्यावर फिरवून पाहिली, सगळीकडे एकसारखी चकाकी. होलचा व्यास पिन गेजने पाहिला, १.५ एमएम, बरोबर. मग ब्लाइंड होलची खोली. ड्रॉइंगला ३ एमएम. आमच्या डेप्थ गेजच्या सुईने दाखवलं ३.००. एकेक करून सगळ्या मोजल्या. आमचा प्रोग्रामर म्हणाला, 'आपला जॉब ओके आहे, प्रॉब्लेम त्यांच्याकडे.' मलाही तेच हवं होतं. मी ईमेल लिहायला घेतला.

आमच्याकडे काका आहेत. वडिलांबरोबर त्यांनी पहिला लेथ बसवला. ते काही न बोलता एक प्लेट घेऊन व्हाइसवर गेले. हॅक्सॉने तिचे दोन तुकडे केले. मग एक तुकडा घासू लागले, आधी कानशीने, मग पॉलिश पेपरवर, बरोब्बर होलच्या मध्यापर्यंत. अर्धा तास गेला. मग तो तुकडा प्रोफाइल प्रोजेक्टरखाली, म्हणजे सावली मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, ठेवून मला हाक मारली.

पडद्यावर होलची सावली उभी होती. सरळ भिंत आणि खाली ड्रिलच्या टोकाचा शंकू. ३.०० भरत होतं ते शंकूच्या अगदी टोकापर्यंत. सरळ भिंत फक्त २.५५.

११८ अंशाच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या तीन दशांश लांब असतं. १.५ ला ०.४५. हे मी डिप्लोमाला शिकलेय, पेपरातही लिहिलंय. मी तिथल्या तिथे इंजिनियरना फोन लावला: जुन्या कॅप्सूलची खोली तुम्ही कशाने मोजली? '१.४ ची सपाट पिन टाकून.' म्हणजे त्यांची पिन शोल्डरवर, सरळ भिंत संपून शंकू सुरू होतो तिथे, अडली, आमची सुई टोकापर्यंत गेली. आकडा दोघांचाही ३. हवा मात्र आमच्या प्रत्येक होलमध्ये सुमारे १४ टक्के कमी.

मला आजही झोपताना आठवतं ते वेगळंच आहे. पहिला नग लावायच्या दिवशी काका ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आले होते. 'ताई, हे तीन एमएम टोकापर्यंत धरायचं का शोल्डरपर्यंत?' मी फोनवर होते. 'काका, ड्रॉइंगला आहे ते करा' म्हटलं. ड्रॉइंगला काहीच नव्हतं, म्हणूनच तर ते विचारत होते. नियमाने शोल्डरपर्यंतच धरतात, तेवढं सांगायला दहा सेकंद लागली असती. प्रोग्रामरने टोकापर्यंत धरलं, काकांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मालकिणीने एकदा झिडकारलं की कोण विचारतं?

त्या संध्याकाळी मी म्हटलं, 'काका, चुकलं माझं.' ते हात पुसत म्हणाले, 'ड्रॉइंगवर लिहून टाका आता.' मी लाल पेनने लिहिलं. बाकीच्या नगांना पुन्हा ड्रिल मारून वाचवता येतं का ते पाहिलं. कड उचलली जाते, परत लॅप करावं लागतं, आरपार होलमध्ये चिप अडकते. शेवटी सगळा लॉट भंगारात टाकला आणि पितळेचा नवा बार आमच्या खर्चाने कापला. या वेळी प्रत्येक ड्रिलनंतर काकाच पिन टाकून बघत होते, १.४ ची, सपाट.

नव्या २४ प्लेट शुक्रवारी पाठवल्या, सिलिका जेलच्या डब्यात. आठवड्याने मी न राहवून फोन केला. 'अजून जोडल्या नाहीत मॅडम. इथे पाऊस थांबत नाहीये. असल्या दमट हवेत मी कॅप्सूल उघडत नाही.'

कापलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे. काकांनी तो भंगारात टाकू दिला नाही.