तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मशरूम (चकतीसारखे, कोरलच्या नात्यातले समुद्री प्राणी) कापलेले नाहीत. म्हणजे…

टँकसमोर जरा रेंगाळलात की तुमचा प्रश्न ठरलेला: "एवढे मशरूम विकत आणलेत, की एकालाच कापून केलेत?" मी म्हणतो, आपोआप झाले. मग तुम्ही असे हसता, जणू मी चटणीची रेसिपी लपवतोय. आता एकदाच सांगतो.

लाल डिस्कोसोमा, मशरूमचीच एक जात, मुळात एकच होता, आणि तो सरकतो. बघत बसलात तर दिसणार नाही, पण आठवड्याभराने जागा बदललेली असते. सरकताना तळाचा काठ दगडाला चिकटून मागे राहतो आणि तुटतो. टिकलीएवढ्या त्या मांसाला पुढे तोंड फुटतं, त्याची चकती होते. रिकॉर्डिया या दुसऱ्या मशरूमची तऱ्हा निराळी. त्याच्या चकतीवर दुसरं तोंड उमटतं, मग मधून चिरत जाऊन एकाचे दोन होतात. नर-मादीची भानगडही असते. तांबड्या समुद्रातल्या ऱ्होडॅक्टिस ऱ्होडोस्टोमा या मशरूममध्ये नर वेगळे, माद्या वेगळ्या, आणि बीजं उन्हाळ्यात पाण्यात सोडली जातात. माझ्याकडे तसलं काही कधी झालेलं नाही. इथले सगळे लाल म्हणजे तोच एक.

इथवर मी खरं बोलतोय. आता मे महिन्यातली ती संध्याकाळ.

दुपारपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, चालतो; पाणी थंड ठेवणारा चिलर नाही. पाणी एरवी 26 अंशांवर असतं, ते 31 च्या पुढे गेलं. मी बर्फाच्या बाटल्या सोडत होतो. मशरूम आक्रसले, तोंडं वासली, आतले पांढरे दोरे बाहेर आले. त्या गडबडीत मोठ्या लालने दगड सोडला. असा ताण आला की हे सोडतात आणि वाहत जातात. सापडला तो वेव्हमेकरच्या जाळीत, अर्धा आत ओढलेला. पंप बंद करून सोडवायला गेलो तर बोटांना नुसती बुळबुळ, आणि त्याचे तुकडे झालेले. बायको म्हणाली, फेकून दे, सडले तर बाकीचेही जातील. म्हणणं बरोबर होतं. तरी मी फेकले नाहीत. सुपरग्लू त्या चिकटपणावर धरत नाही, म्हणून डब्यात रबल, म्हणजे दगडांचे बारीक तुकडे, घातलं, त्यावर मशरूमचे तुकडे ठेवले, मच्छरदाणीचा कापड रबरबँडने आवळला आणि डबा प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात ठेवला. रोज उघडून वास घ्यायचो. काही तपकिरी होऊन विरघळले, ते ड्रॉपरने उपसले. उरलेल्यांच्या कडा आत वळल्या. तोंडाचा भाग ज्यांच्यात होता ते आधी सावरले. नुसत्या काठाचा एक तुकडाही जगला, त्याला बराच वेळ लागला. पुढे सगळे रबलला धरले.

डावीकडच्या दगडावरचे ते हे. म्हणजे कापलेलेच, फक्त मी नाही कापले. तुमचं हसू अगदीच खोटं नव्हतं.

त्याआधी मी येईल त्याला ऐकवायचो की स्काल्पेल लावणं क्रूरपणा आहे. त्या तेव्हाच्या माणसाला, म्हणजे मलाच, आज विचारतो: मेंदू नाही, नुसतं चेतातंतूंचं जाळं, आणि तुकड्यांतून वाढणं हाच ज्याचा धर्म, त्याच्याशी क्रूरपणा कसला? तो उलट विचारतो: मग त्या संध्याकाळी तुझा हात का थरथरत होता? त्यावर मी पाण्याच्या तापमानाबद्दल बोलू लागतो. ऱ्होडॅक्टिस एकदा वाढत सुटला की शेजारच्या कोरलला चावत पसरतो, तेव्हा मात्र मलाही ब्लेड आठवतं. अजून उचललेलं नाही; का, ते विचारू नका.

फ्रॅग, म्हणजे वाढवायला एखादा तुकडा, हवा असेल तर मागे राहिलेली टिकली दगडासकट देतो. ती स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. घाई असेल त्यांनी दुकानातून घ्यावा, तिथे बहुधा कापलेलाच मिळेल.