दिनविशेष वही: २९ फेब्रुवारीचं पान

या महिन्यात दहा पानं उरकायची होती. झालं एकच. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, तासाभरात हातावेगळी होईल असा माझा अंदाज होता.

सुरुवात मोरारजी देसाईंपासून केली. जन्म १८९६. पुढे सवयीने ‘पहिला वाढदिवस १९००’ लिहिलं आणि लगेच खोडलं. शतकी वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, त्यामुळे १९०० बाद. मोरारजींना पहिली २९ फेब्रुवारी दिसली ती १९०४ साली, आठ वर्षं पूर्ण होताना. एप्रिल १९९५ मध्ये ते गेले तोवर अशा तारखा आल्या २३.

१९०४ लिहिलं आणि नजर खालच्या ओळीवर गेली. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यम, कलाक्षेत्र. जन्म २९ फेब्रुवारी १९०४! म्हणजे मोरारजींचा पहिला खराखुरा वाढदिवस, त्याच दिवशी यांचा जन्म. त्यात आणखी, १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजींनी राष्ट्रपतिपदासाठी विचारलं ते याच रुक्मिणीदेवींना. त्यांनी नकार दिला. दोन नोंदींमध्ये लाल शाईने बाण काढला. इतक्या वर्षांत लाल बाणाची वेळ फार थोड्यांदा आलीय.

इटालियन संगीतकार रोसिनी (जन्म १७९२) आणि १९४० मध्ये ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार हॅटी मॅकडॅनियल, यांचं काम दहा मिनिटांत झालं. रोसिनीच्याही वाटेत १८०० आडवं आलंच.

कोलंबसाने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. २९ फेब्रुवारी १५०४, जमैकात अडकलेला, जवळच्या पंचांगात चंद्रग्रहण बघून स्थानिकांना धमकावून अन्न मिळवतो. पण ही तारीख ज्युलियन, म्हणजे त्या काळच्या जुन्या कॅलेंडरची. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर आलं १५८२ मध्ये, त्या हिशेबाने हा दिवस १० मार्च. बरीच घालमेल करून नियम ठरवला: त्या काळी, त्या ठिकाणी जी तारीख चालू होती, ती शाईने. आजची पेन्सिलने.

नियम त्याच रात्री अंगाशी आला. स्वीडनने १७०० पासून लीप दिवस गाळत गाळत ग्रेगोरियनवर जायचं ठरवलं होतं. १७०० चा गाळला, १७०४ आणि १७०८ चे गाळायचे राहून गेले. शेवटी नाद सोडून परत ज्युलियनवर यायला १७१२ च्या फेब्रुवारीत एक दिवस जादा घातला. माझ्या नियमाने ती नोंद जाते ३० फेब्रुवारीला, आणि वही आहे ३६६ पानांची.

तूर्त एक कोरा कागद डिंकाने चिकटवलाय.