तुम्ही विचारलंत म्हणून : तीन किट एकदम, तरी पार्ट मिसळत कसे नाहीत?

"एका वेळी तीन-तीन गाड्या जोडायला घेता, मग ह्याचं चाक त्याला लागत नाही का?" किट म्हणजे सुट्या पार्टचा संच आणून स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीची प्रमाणात लहान केलेली प्लास्टिकची प्रतिकृती करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुधा डब्याचं नाव हवं असतं: कोणता, किती कप्प्यांचा. पण कप्प्यांचं नंतर बघू. बहुतेक पार्ट हरवतात ते स्प्रूवरून लवकर कापल्यामुळे.

स्प्रू म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला धरून येतात ती. चौकटीला अक्षर असतं, प्रत्येक पार्टशेजारी आकडा. बी-१४ म्हटलं की जगात कुठेही त्या किटमधला नेमका तोच पार्ट. निपरने (पार्ट कापायच्या छोट्या पकडीने) कट्‌ केलं की आकडा चौकटीवर राहतो आणि हातात उरतो एक बेनाव तुकडा. म्हणून आज जे चिकटवायचंय तेवढंच आज कापायचं. आणि कापून झालेली चौकट टाकून द्यायची नाही. तिच्यावरची रिकामी जागा हीच नोंद असते: इथला पार्ट निघालाय, म्हणजे तो कुठेतरी असायलाच हवा.

मुळात तीन किट एकदम का? कारण ह्या कामात वाट बघणं फार. घासायची कड असेल तर सिमेंटला (प्लास्टिक जोडायच्या गोंदाला) एक दिवस द्यावा लागतो, इनॅमल रंगाला त्याहून जास्त. तेव्हा एक किट जोडणीत, एक रंगात, एक डेकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या नंबर-चिन्हांच्या चित्रांवर. टप्पे वेगळे असले की मिसळामिसळ आपोआप कमी होते. एकाच कंपनीचे, एकाच प्रमाणाचे दोन शर्मन रणगाडे मात्र एकदम कापायला घेऊ नयेत. प्लास्टिकचा रंगही तोच, पार्टही जुळ्या भावांसारखे.

खोका उघडल्यावर पहिलं काम, माहितीपत्रकातल्या पार्टच्या नकाशाशी चौकटी ताडून बघणं. 'ए × २' लिहिलं असेल तर ए चौकटी खरंच दोन आहेत ना? मग प्रत्येक किटला एक रंग: लाल, निळा, हिरवा. त्या रंगाच्या मार्करचा ठिपका प्रत्येक चौकटीवर, पिशवीवर, ट्रेवर आणि माहितीपत्रकाच्या कोपऱ्यावर. पार्टवर कधीच नाही. मार्करची शाई फिक्या रंगातून वर झिरपते. पार्टवर लिहायचंच असेल तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलीने, नाहीतर मास्किंग टेपचं छोटं निशाण लावून. साच्याचं तेल काढायला चौकटी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने धुतात. एका वेळी एकच किट, आणि बेसिनमध्ये खाली चाळणी ठेवून. सुटलेला आरसा मोरीत गेला की गेलाच.

चाकांना मात्र 'आज चिकटवायचं तेवढंच आज कापायचं' हा नियम पाळता येत नाही. ती आधी कापून, घासून, सुटी रंगवावी लागतात. सुरुवातीच्या टायगर रणगाड्याचंच बघा: प्रत्येक बाजूला आठ एक्सल, प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे एकूण ४८, एकमेकांत गुंफलेली. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या रांगेची चाकं जवळजवळ सारखीच दिसतात. एक जरी रांग चुकली तरी पुढचं चाक नीट बसत नाही. शर्मनच्या नंतरच्या बोगींत (चाकांची जोडी धरणाऱ्या सांगाड्यांत) पट्टा पेलणारा रोलर मागच्या बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे डावीकडच्या तीन आणि उजवीकडच्या तीन बोगी आरशातल्यासारख्या उलट्या. अशा वेळी खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यावा. चाक टूथपिकवर, टूथपिक पुठ्ठ्याच्या कडेच्या नळीत, आणि नळीशेजारी पार्टचा नंबर, बाजू, रांग. चाक पुठ्ठ्यावरून निघेल ते थेट एक्सलवर जाईल, मध्ये टेबलावर टेकणार नाही. थर्माकोल वापरू नका, लॅकरच्या फवाऱ्याने तो विरघळतो.

कारच्या किटची तऱ्हा वेगळी. तिथे पार्ट एकमेकांना बिघडवतात. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या कडक प्लास्टिकला, खातं. टायर काचांना टेकून काही महिने राहिले तर काचेवर नक्षी उमटते, ती सहजी जात नाही. टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत, काचा टिश्यूत गुंडाळून त्यांच्याच पिशवीत. क्रोमच्या चौकटीवरचा चकचकीत मुलामा घासून उडतो, तीही वेगळीच. १:२४ आणि १:२५ चे (खऱ्याच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या हिश्श्याचे) टायर तर कधीच एका डबीत नकोत. ६२ सेंटिमीटरचा खरा टायर एकात २५.८ मिलिमीटर होतो, दुसऱ्यात २४.८. डोळ्याला कळत नाही, रिमवर चढवताना कळतं.

डेकल खोक्यात ठेवूच नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांचा कागद दमट होऊन वळतो. झिपलॉक पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, सपाट, उन्हापासून दूर. पिशवीवर किटचा रंगठिपका.

आता कप्पे. कडा उचललेले उथळ ट्रे पुरतात, किटमागे एक. मिठाईच्या खोक्याची झाकणंही चालतात. एकाच भल्यामोठ्या कप्पेदार डब्यात तीन किट भरू नयेत, तो उपडा झाला की तिन्ही संपतात. काम थांबवताना ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायची: 'पायरी ११ झाली, सी-७ अजून चिकटवलेला नाही, रंग एक्सएफ-६२, तीन थेंबांना दोन थेंब थिनर.' (एक्सएफ-६२ हा रंगाच्या बाटलीवरचा क्रमांक.) दोन महिन्यांनी तोच रंग पुन्हा जुळवताना ह्या चिठ्ठीची किंमत कळते.

आणि एवढं करूनही पार्ट उडतोच. छोटा पार्ट पारदर्शक पिशवीत हात घालून कापावा, म्हणजे उडाला तरी पिशवीतच राहतो. जमिनीवर पडलाच तर दिवे बंद करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवायचा. मिलिमीटरभर तुकड्याचीही लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लिनर फिरवायचा असेल तर नळीच्या तोंडावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बांधा. पण गुडघे टेकण्याआधी चौकट उचलून बघा. बऱ्याचदा पार्ट तिथेच असतो, न कापलेला.