खान्देशच्या उन्हात कंपोस्ट कसं जमलं, माझा अनुभव

आमचं शेत यावल तालुक्यात, केळी आणि कपाशी. म्हणजे खताला लागणारा माल बांधावर फुकट पडलेला, तरी सगळे काय करतात तर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पेटवतात, केळीचे खांब नाल्यात ढकलतात आणि शेणखताची ट्रॉली विकत आणतात. ते शेणखत बऱ्याचदा अर्धकच्चं असतं आणि त्याच्यासोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शेतात येते, आमच्याकडे तेच झालं, म्हणून ठरवलं की आता खत घरीच करायचं.

पुसदच्या पांढरीपांडे काकांची कंपोस्टची नाडेप टाकी, 10 फूट लांब 6 फूट रुंद 3 फूट उंच, जाळीदार विटांची, फारच चांगली पद्धत आहे पण मला विटांचा खर्च करायचा नव्हता. कडुनिंबाच्या सावलीत जमिनीवरच ढीग लावला. खाली जाड पऱ्हाट्या आडव्या टाकल्या म्हणजे बुडातून हवा खेळते, वर दादर ज्वारीचा कडबा आणि पऱ्हाटीची कुट्टी, मग केळीच्या खांबाचे तुकडे, मग शेणाचा काला, थोडी माती, परत तेच. उंची कंबरेएवढी ठेवलीच पाहिजे, बुटका ढीग तापतच नाही.

आपल्याकडची खरी अडचण पाणी. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, बाहेरचा थर पापडासारखा वाळतो आणि वाळलं की कुजणं बंद. इथे केळीचा खांब कामाला येतो, त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पण नुसता खांब टाकला तर चिखल होऊन घाण वास सुटतो, त्याला कोरडा कडबा लागतोच. ढिगात 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन हे गणित शेतात कोण मोजणार, मी नाकावर चालतो. अमोनियाचा झणझणीत वास आला की शेण, हिरवा पाला जास्त झाला, कोरडी कुट्टी मिसळायची. सडका वास आला की पाणी जास्त, हवा कमी, ढीग पलटायचा. मूठभर माल दाबला की हात ओला व्हावा, एखाद दुसरा थेंब चालेल, धार लागायला नको. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर मी ओली पोती टाकूनच ठेवतो.

ताप बघायला लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढायची, हातात धरवली नाही तर समजायचं काम जोरात चालू आहे. 55 ते 65 अंश मिळाले की तणाचं बी आणि अळ्या मरतात. बाहेरचा माल मात्र थंडच राहतो, म्हणून पलटताना कडेचा आत आणि आतला कडेला घ्यायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा थंडीत पहाटे दाताळ्याने ढीग उघडला तेव्हा एवढी वाफ निघाली की आई गोठ्यातून ओरडली, "काय पेटवलं रे?" आत राखाडी पांढरी बुरशीसारखी जाळी पसरलेली, शेजारचे नाना म्हणे खराब झालं, फेकून दे. उलट ती चांगली खूण, कडक काड्या फोडायला तिची मदत होते.

अजून एक, पऱ्हाट्यांचे ढीग उन्हाळाभर बांधावर ठेवूच नका, राहिलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी लपून बसते. लगेच कुट्टी करून ढिगात घाला. सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आलेलं केळीचं झाड मात्र मी ढिगात घेत नाही, लांब खड्ड्यात पुरतो.

पलटूनही ढीग तापेना, उंचीने निम्म्यावर आला, काळपट झाला आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार. न कुजलेल्या काड्या चाळून पुढच्या ढिगात टाकतो, सोबत घमेलंभर तयार खत विरजण म्हणून. पावसाळ्यात वरून ताडपत्री टाकतो, पण बाजू उघड्या ठेवतो.