31 मेची एक्झिट

जूनची 12 तारीख. बंदरात बोटी शाकारून झाल्या होत्या. रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी प्रक्रिया शेडचे कारकून मे महिन्याचा ईसीआर, म्हणजे पीएफचं मासिक विवरण, भरायला बसले होते, कारण पीएफचा भरणा 15 तारखेच्या आत व्हायला हवा. मी हजेरीपट ताडून बघत होतो. यादीत सात बायकांच्या नावांपुढे एकच नोंद : एक्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, 31 मे.

"दरवर्षी असंच करतो साहेब. बंदी लागली की नावं काढायची, ऑगस्टला परत घ्यायची."

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे शेडचं वर्ष दहा महिन्यांचं. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचा हिशोब मात्र सहा आणि बारा महिन्यांचा आहे. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या कामगाराला एका महिन्याच्या पीएफ पगाराइतकी (ज्यावर पीएफ कापतात तो पगार), जास्तीत जास्त 15,000 रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने भरल्यावर. दुसरा बारा महिने भरून आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम पुरा केल्यावर. ऑगस्टला लागलेल्या बाईचा पहिला हप्ता बसतो, दुसऱ्याला नेमके बंदीचे दोन महिने कमी पडतात. एक्झिट टाकली की तिची नोकरी तिथेच संपली. आंबा कॅनिंगच्या बायकांची गत याहून वाईट : पावसाबरोबर काम संपतं आणि पहिल्याही हप्त्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मालकाचंही यात नुकसान आहे. 50 पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन माणसं जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. पीएफ पगार 10,000 च्या वर आणि 20,000 पर्यंत असेल तर प्रत्येक जादा माणसामागे मालकाला दरमहा 2,000 रुपये मिळतात, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला त्यापुढे आणखी दोन वर्षं. मालकाच्या या भागात कामगार पीएफला नवा असण्याची अट नाही, त्यामुळे परत आलेल्या बाईला नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, काढून देऊ नये. जुनाच लावायचा. दोन यूएएन झाले की पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

शेठना फोन लावला. कोल्ड स्टोरेज, क्रेट धुणं आणि साठवलेल्या मालाचं पॅकिंग एवढं काम पावसात असतंच. चौघींना त्यावर ठेवायचं ठरलं, खऱ्या हजेरीवर, पूर्ण पगारावर. तिघी लावणीला गावी जाणार होत्या. त्यांची नावं पटावर ठेवून पीएफ पगार शून्य आणि एनसीपी (वर्गणी नसलेले दिवस) रकान्यात गैरहजेरीचे दिवस, असं भरायला सांगितलं. ज्या महिन्यात वर्गणीच नाही तो बारा महिन्यांत मोजला जाईल असं गृहीत धरू नका, हेही सांगितलं. "मग थोडा पगार दाखवू का?" कारकुनांनी विचारलं. अजिबात नाही. न केलेल्या कामाचा पगार दाखवून सरकारी अनुदान उचलणं म्हणजे फसवणूक, आणि चौकशी लागली की त्या बायकांनाही उत्तरं द्यावी लागतात.

एकीचं आधार तिच्या माहेरच्या जुन्या खात्याला जोडलेलं निघालं. तिचा पहिला हप्ता आधारला जोडलेल्या त्याच खात्यात जाणार. कोळंबी सोलून बोटांची सालं निघतात, बँकेत अंगठा लागत नाही. उमंग या सरकारी अ‍ॅपवरच्या चेहरा पडताळणीमुळे यूएएन तरी निघाला.

मग पोर्टल उघडलं आणि आठवं नाव सापडलं. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली बाई. तिची एक्झिट मार्चमध्येच टाकलेली, एप्रिलच्या ईसीआरमध्ये तिची ओळच नाही. "ती येतच नव्हती ना." या उत्तराचा मला संताप आला. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस भरलेल्या बाईला 26 आठवड्यांपर्यंतची पगारी रजा कायद्याने मिळते, आणि त्या रजेत तिला कामावरून काढता येत नाही. भत्ता ईएसआयकडून (कामगार राज्य विमा) येत असेल तर पीएफ पगार शून्य आणि एनसीपीत पूर्ण दिवस. पण ओळ हवीच.

एप्रिलसाठी सप्लिमेंटरी, म्हणजे पुरवणी, ईसीआर भरायला घेतला. एक्झिटची तारीख मात्र जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे पीएफ नोंदीतल्या दुरुस्तीच्या अर्जाने, काढायची होती : अर्ज तिच्या लॉगिनमधून जातो. ओटीपी तिच्या मोबाइलवर येणार. ती माहेरी, घरात रेंज नाही. भाऊ फोन घेऊन सड्यावर चढला आणि सव्वासहाला त्याने सहा आकडे वाचून दाखवले.