सहीतली दोन अक्षरे

लंडनच्या ज्या कार्यशाळेत मी तैलचित्रांच्या जतनाचे काम करते, तेथे गेल्या हिवाळ्यात शर्यतीच्या घोड्याचे एक चित्र साफसफाईसाठी आले. तबेल्यात उभा तांबूस घोडा, लगाम धरलेला मोतद्दार आणि कोपऱ्यात सही: 'जे. एफ. हेरिंग, एसआर, १८३१'.

जॉन फ्रेडरिक हेरिंग (१७९५-१८६५) हा घोड्यांची चित्रे काढणारा इंग्रज चित्रकार. १८१४ मध्ये तो उत्तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला आला, खाणावळींच्या पाट्या रंगवू लागला, मग प्रवासी घोडागाडी हाकू लागला आणि पुढे तेथील सेंट लेजर शर्यतीच्या सलग ३३ वर्षांच्या विजेत्या घोड्यांची चित्रे त्याने काढली. त्याच्या घोड्यांचे खांदे पाहिले की या माणसाने कुंचल्याबरोबर लगामही धरला होता, हे मला तरी लगेच जाणवते.

मला खटकली ती सहीतली शेवटची दोन अक्षरे, म्हणजे 'सीनियर'. त्याच नावाचा मुलगाही घोडेच रंगवू लागला आणि त्याचे नाव होऊ लागले, तेव्हा १८३६ च्या सुमारास बापाने ती सहीला जोडली. १८३१ मध्ये मुलगा पोरसवदा होता. तेव्हा या अक्षरांची गरज कोणाला होती?

अतिनील दिव्याखाली जुने रोगण हिरवट चमकले. नाव आणि साल त्या थराखाली होते, ही दोन अक्षरे मात्र त्याच्यावर काळीभोर दिसत होती. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नाही, कारण नावाचा रंग भेगांनी चिरला होता, तर या अक्षरांचा रंग भेगांत ओघळून साचला होता. म्हणजे रंग तडकल्यानंतर कोणीतरी ती घातली होती.

चित्रच बनावट आहे का, असे मालकांनी घाबरून विचारले. तसे मुळीच म्हणता येत नव्हते. मुलाचे चित्र समजून भाव पडू नये म्हणून कोणा विक्रेत्याने हा शहाणपणा केला असावा, असा माझा तर्क आहे, आणि नेमक्या त्या जोडणीमुळेच बिनबोभाट खपले असते असे चित्र संशयात सापडले. अर्थात सही जुनी ठरली म्हणजे हात हेरिंगचाच, असेही नाही. ती तपासणी तज्ज्ञांकडे वेगळी गेली.

मालकांची लेखी संमती आल्यावर छायाचित्रे घेऊन मी द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला. अक्षरे रोगणाबरोबरच सुटली. डाग पडलेला तो बोळा पाकिटात घालून अहवालाला जोडला आहे.