तिसऱ्या रूपाची सोबत

दुपारी जरा आडवं व्हावं म्हणून उशी सारखी केली आणि हाताशी होती ती नवी वही सहज उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की ही वही जुन्या कागदाचा पुनर्वापर करून बनवली आहे. ‘मेड फ्रॉम’. झालं, झोप गेली.

टेबल लाकडाचं असतं तेव्हा ‘मेड ऑफ’, कारण टेबलात लाकूड डोळ्यांना दिसतं. कागद लाकडापासून होतो तेव्हा ‘मेड फ्रॉम’, कारण कागदात लाकूड शोधूनही सापडत नाही. इथवर ठीक. पण वही? वहीत कागद धडधडीत समोर दिसतोय, म्हणजे ‘ऑफ’. पण दिसतोय तो नवा कागद. जुना तर भिजून, लगदा होऊन, पार नाहीसा झाला, म्हणजे ‘फ्रॉम’. बरं, मग नव्या कागदाची वही आणि जुन्या कागदाचा नवा कागद, यातलं नेमकं कोण ‘मेड’ झालं? वही छापणाऱ्याने यावर अर्धा मिनिटही घालवला नसणार. माझी पाऊण दुपार गेली.

हा रोग जुना आहे. गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन असं घोकलेल्या सगळ्यांना तिसरं रूप पाठ असतं. पण हे तिसरं रूप एकटं फार वेळ राहत नाही, त्याला सोबत लागते, आणि ती सोबत कोणाची हे ते स्वतः ठरवतं, आपल्याला विचारत नाही, हे घोकून घेणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. मराठीत लग्न कोणाशी तरी होतं, म्हणून आपण बेधडक ‘मॅरिड विथ’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र माणूस ‘मॅरिड टू’ असतो. ‘मॅरिड विथ’ अगदीच चूक आहे असंही नाही. पुढे ‘टू चिल्ड्रन’ आलं की ते बरोबर. म्हणजे बायकोला ‘टू’ आणि मुलांना ‘विथ’. ‘इंटरेस्टेड इन’ तेवढं आपल्याला फुकट मिळालं, कारण रस मराठीतही कशात तरीच असतो. पण मराठीत मी कामाला कंटाळतो आणि इंग्रजीत ‘बोर्ड विथ’ होतो. शब्दशः घेतलं तर काम आणि मी दोघंही सोबतच कंटाळलोय असं वाटतं, आणि ते कधीकधी खरंही असतं. हल्लीची मंडळी सर्रास ‘बोर्ड ऑफ’ म्हणतात. माझ्या कपाळावर आठी पडते. ‘टायर्ड’ला ‘ऑफ’ चालतो, मग ‘बोर्ड’ला का नाही, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आठी आहे.

एक गंमत मला फार आवडते. कुत्रा अंगावर आला नि आपण दचकलो, तर ‘फ्राइटन्ड बाय’. कुत्र्यांची कायमचीच धास्ती असेल तर ‘फ्राइटन्ड ऑफ’. एक घडलेली भीती, दुसरी जडलेली. मराठीत दोघंही ‘कुत्र्याला घाबरलेले’च. आणि ‘पझेस्ड’चं तर विचारूच नका. ‘पझेस्ड ऑफ’ म्हटलं तर माणसाजवळ काहीतरी आहे, संपत्ती म्हणा, अक्कल म्हणा. ‘पझेस्ड बाय’ म्हटलं तर माणूसच कोणाच्या तरी ताब्यात आहे, बहुधा भुताच्या. मध्ये फक्त दोन अक्षरांचा फरक.

ही जोडी उभी कुठे राहते, तेही पाहण्यासारखं. तिसरं रूप एकटं असतं तेव्हा नामाच्या पुढे ऐटीत उभं असतं: ‘ब्रोकन विंडो’. पण त्याच्यासोबत ‘इन द स्टॉर्म’ आलं की दोघांनाही मागे जावं लागतं: ‘विंडो ब्रोकन इन द स्टॉर्म’. एकट्याला पुढची खुर्ची, सोबत आणली तर मागे बसा. मराठीला असलं काही नाही. वादळात फुटलेली खिडकी, काल रात्रीच्या वादळात फुटलेली खिडकी, काल रात्रीच्या वादळात झाडाची फांदी येऊन आदळल्यामुळे फुटलेली खिडकी. वाटेल तेवढं सामान पुढे लादा, खिडकी शेवटी येईपर्यंत ऐकणारा श्वास धरून बसतो. जर्मन माणूसही असाच बसतो म्हणे. इंग्रजाला तेवढा धीर नाही. त्याला आधी खिडकी दाखवायची, मग तिचं काय झालं ते सांगायचं. पुढेच उभं राहायचा हट्ट असेल तर शब्दयोगी गाळून, आडवी रेघ मारून आत शिरायचं, जसा कसरीने खाल्लेला कोट ‘मॉथ-ईटन’ होतो.

पण मला खरं छळलं ते ‘फॉलोड बाय’ने. शाळेच्या कार्यक्रमात मला कविता म्हणायची होती. फळ्यावर इंग्रजीत क्रम लिहिला होता: पाहुण्यांचं भाषण ‘फॉलोड बाय’ कविता. फॉलो म्हणजे मागे जाणे, एवढं मला ठाऊक होतं. भाषण पुढे लिहिलंय, त्याला लागून ‘फॉलोड’. म्हणजे भाषण मागे जाणार, कवितेच्या मागे. माझा हिशेब पक्का होता. पाहुणे माइकशी उभे राहून घसा साफ करत असतानाच मी व्यासपीठावर चढलो आणि पहिल्या दोन ओळी खणखणीत म्हणून मोकळा झालो. पाहुणे हसले. मला तिसरी ओळ आठवेना.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी बोलावलं. रागावले नाहीत. फळ्यावर ‘बाय’ लिहिलं, त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, “हे बघ, ‘बाय’च्या पाठीशी जो उभा, काम त्याचं. मागे जायचं काम कवितेचं. भाषणाने नुसतं पुढे असायचं.” मग जरा थांबून, “तिसरी ओळ येते का आता?” येत होती. म्हणून दाखवली.

पुढे मी जिथे ‘बाय’ दिसेल तिथे त्याच्या पाठीशी कोण आहे ते बघायला लागलो. खूप वर्षांनी कळलं की सरांचा नियम तसा उपराच आहे. काम करणाऱ्याची जागा ‘बाय’कडे कायम नव्हती. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात सैतान येशूला मोहात पाडू पाहतो, तिथे ‘टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल’ आहे. स्वप्नात देवाने सावध केलं, तेही ‘वॉर्न्ड ऑफ गॉड’. आज हे वाचलं तर सावध केलं ते देवाने नव्हे, देवापासूनच, असा अर्थ लागेल. त्याच वर्षी राजदरबारात शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ झालं. त्यात माणूस म्हणजे स्वप्नं ज्याची बनतात ती चीज, असं एक वाक्य आहे, आणि तिथे शब्द आहे ‘मेड ऑन’. ऑफ नाही, फ्रॉम नाही, ऑन! लोकांना ते इतकं खटकतं की आठवताना ते आपोआप ‘ऑफ’ करून टाकतात. १९४१च्या ‘द माल्टीज फाल्कन’ या चित्रपटात नायक हम्फ्री बोगार्टच्या तोंडीही शेवटी ‘ऑफ’च आलं. माझ्या वहीवर उद्या ‘मेड ऑन’ छापलं असतं तर मी छापणाऱ्याला पत्र लिहिलं असतं. शेक्सपिअरला कोण लिहिणार.

हे ‘ऑफ’चं प्रकरण सरांना सांगायचं असं मनात होतं. त्यांना आवडलं असतं. किंवा “मग मार्क कशाला देऊ, ‘ऑफ’ला की ‘बाय’ला?” असं काहीतरी विचारून त्यांनी मलाच अडकवलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं होत राहिलं.

मग एके सकाळी इंग्रजी पेपरात आतल्या पानावर त्यांचं नाव दिसलं, वर लहानसा फोटो. मराठी पेपरात अशा वेळी ‘त्यांच्या पश्चात’ असं येतं. इंग्रजीत तिथेही तिसरं रूप असतं: ‘सर्व्हाइव्ड बाय’. गेलेला माणूस वाक्याच्या सुरुवातीला, आणि मागे उरलेले ‘बाय’नंतर. मी सवयीने आधी शब्दयोगी तपासला. बरोबर होता. मग त्याच्या पाठीशी कोण उभं आहे ते पाहिलं. पत्नी, एक मुलगी, दोन नातवंडं.

काम त्यांचं.